भाऊजींच्या मोबाईलवरचे ११,४०० डॉलर : फॉरेक्सच्या ॲपमध्ये पैसे टाकण्याआधी हे वाचा

पांढरीचा_पोट्टा (दारव्हा तालुका, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. मी इथं एरवी कापूस, तूर आणि फवारणीवर लिहितो. आज वेगळं लिहितोय, कारण मागच्या दोन-तीन महिन्यांत आमच्या आसपासच्या गावांतून निदान सहा घरांचा पैसा एकाच वाटेनं गेलाय आणि त्यातलं एक घर माझ्या बहिणीचं आहे. भाऊजींना विचारूनच लिहितो. ते म्हणाले, "लिही, फक्त नाव नको टाकू. दुसऱ्याचा तरी पैसा वाचू दे."

भाऊजींचं सात एकर वावर, कोरडवाहू. तुरीचा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, आला होता, भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेलं सोयाबीनही विकून झालं होतं. त्याच दिवसांत त्यांच्या मावसभावानं त्यांना फॉरेक्सच्या, म्हणजे परकीय चलनाच्या खरेदी-विक्रीच्या, एका टेलिग्राम ग्रुपमध्ये जोडलं. मावसभाऊ शिकलेला, तालुक्याला शिकवणी घेतो. त्याच्या शब्दाला घरात वजन आहे. ग्रुपवर रोज सकाळी "सिग्नल" यायचा, आज सोनं घ्या, आज युरो विका. महिन्याला दहा टक्के पक्के असं सांगितलं होतं.

भाऊजींनी आधी दहा हजार टाकले. आठ दिवसांत त्याचे तेरा हजार दिसले. पाच हजार काढून पाहिले तर दोन तासांत खात्यात जमा. त्या पाच हजारांतून ताईनं पोराची शाळेची फी भरली. मला वाटतं भाऊजी तिथंच अडकले. पैसा हातात आला होता, खर्च झाला होता, मग खोटा कसा म्हणायचा? त्यानंतर चुकारा गेला, सोयाबीनचे पैसे गेले, ताईच्या पाटल्या सोनाराकडे गहाण पडल्या. सगळे मिळून ४ लाख १० हजार.

मला कळलं ते मे महिन्यात. बियाण्या-खतासाठी भाऊजींनी पैसे काढायला टाकले, तर निरोप आला की नफ्यावर १८ टक्के टॅक्स आधी भरा, मग पूर्ण रक्कम सुटेल. तो "टॅक्स" होत होता एक लाखाच्या घरात. तेवढे उसने मागायला त्यांनी मला फोन केला. मी गाडी काढली आणि थेट त्यांच्या गावी गेलो.

ओसरीत बसून आम्ही बँकेचं पासबुक आणि मोबाईल शेजारी-शेजारी ठेवले. मोबाईलवर हिरव्या अक्षरांत ११,४०० डॉलर, म्हणजे साडेनऊ लाखांच्या वर. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही पैसे कंपनीला पाठवले ना? मग पासबुकात कंपनीचं नाव कोणत्या ओळीत आहे ते दाखवा." त्यांनी बोट ठेवून वरून खाली वाचायला सुरुवात केली. एक नोंद कुठल्या मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानाची. दोन नोंदी दोन वेगळ्या माणसांच्या, आडनावावरून दूरच्या राज्यातल्या वाटणाऱ्या. एक कुठले तरी ट्रेडर्स, एक एंटरप्रायझेस. कंपनीचं नाव एकदाही नाही. भाऊजींनी पुन्हा वरून सुरुवात केली. तिसऱ्यांदा त्यांनी पासबुक मिटलं आणि पाणी प्यायला आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

तोवर मी माझ्या फोनवर तेच ॲप उतरवलं. मेटाट्रेडर ५ म्हणतात ते. त्यात सरावासाठी डेमो खातं उघडता येतं, एक रुपया लागत नाही. पाच मिनिटांत माझ्या खात्यात १ लाख डॉलर. तेच आलेख, तेच हिरवे-लाल आकडे. दोन्ही फोन ताईच्या हातात दिले. ती म्हणाली, "म्हणजे तुह्याजवळ यांच्यापेक्षा जास्त हाये?" मी म्हटलं, "ताई, दोघांच्याही फोनवर नुसता आकडाच आहे."

ॲप खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. मेटाट्रेडर हे जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर आहे. पण ते फक्त दाखवण्याचं साधन. आकडा येतो तो ज्याच्या सर्व्हरला तुम्ही जोडले आहात त्याच्याकडून, आणि तो सर्व्हर चालवणारा हवा तो आकडा दाखवू शकतो. काही ठिकाणी ॲपचीही हुबेहूब नक्कल करतात. वजनकाटा चांगल्या कंपनीचा असला म्हणून मापाडी प्रामाणिक ठरत नाही, हे बाजार समितीत माल नेणाऱ्याला मी काय सांगावं.

आणि टॅक्सचं एकदाच नीट समजून घ्या. आपल्या देशात कर भरला जातो सरकारला, तोही आपल्या पॅनवर. टीडीएस असेल तर पैसे देणारा तो कापून उरलेले देतो. "आधी आमच्या खात्यात टॅक्स भरा, मग तुमचे पैसे सोडतो" असा कोणताच कर नाही. टॅक्स भरला की "अकाउंट अनफ्रीज चार्ज" येतो, तो भरला की "मनी लाँडरिंग क्लिअरन्स" येतं. आमच्या शेजारच्या गावातल्या एकानं असे तीन हप्ते भरले. मूळ रकमेपेक्षा जास्त पैसे त्याचे या हप्त्यांतच गेले.

तुमच्याकडे असं काही चालू असेल तर लिहा. लाज बाळगू नका.

---

काळी_माती (वणी)

भाऊ, आमच्या सासऱ्यासोबत सेम हेच झालं. फक्त त्यांना हॉटेलात जेवण देऊन मीटिंग घेतली होती. पन्नासेक लोकं होते, सूटबूटवाला एक पोट्टा स्टेजवर, अन् आपलेच ओळखीचे चार जण पुढं बसून "मले इतके भेटले" म्हणून सांगून रायले होते. सासऱ्यानं दोन लाख टाकले.

मले एकच विचारायचं हाये. ते म्हणतात ॲप प्ले स्टोअरवर हाये, कंपनीची वेबसाईट हाये, रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट बी दाखवते. मंग साध्या माणसानं ओळखावं कसं?

---

पांढरीचा_पोट्टा

काळी_माती भाऊ, प्ले स्टोअरवर असणं म्हणजे सरकारी परवाना नाही. सर्टिफिकेट बहुतेक कंपनी नोंदणीचं असतं. कंपनी कोणीही नोंदवू शकतो. त्यानं लोकांचे पैसे घेऊन चलनाचा व्यवहार करायची परवानगी मिळत नाही.

मी आता एवढंच पाहतो. भारतात राहणाऱ्या माणसाला परकीय चलनाचा व्यवहार फेमा कायदा, १९९९ खाली फक्त अधिकृत संस्थांबरोबर आणि परवानगी असलेल्या कारणांसाठीच करता येतो. ऑनलाईन करायचा तर रिझर्व्ह बँकेनं मान्यता दिलेल्या प्लॅटफॉर्मवर किंवा एनएसई, बीएसई, मेट्रोपॉलिटन स्टॉक एक्सचेंज या मान्यताप्राप्त बाजारांवर. बस. रिझर्व्ह बँकेच्या वेबसाईटवर मान्यता असलेल्या प्लॅटफॉर्मची यादी आहे आणि परवानगी नसलेल्यांची "अलर्ट लिस्ट" पण आहे. ७ सप्टेंबर २०२२ ला ती पहिल्यांदा निघाली तेव्हा ३४ नावं होती, ऑक्टोबर २०२४ मध्ये ८८ झाली. क्रिकेटच्या जाहिरातींत झळकलेली नावंसुद्धा त्यात आहेत.

इथं एक घोळ होतो, तो भाऊजींच्या मावसभावाचाही झाला. त्यानं अलर्ट लिस्ट पाहिली, आपल्या कंपनीचं नाव त्यात नाही म्हणून निश्चिंत झाला. पण रिझर्व्ह बँकेनं स्पष्ट लिहिलंय की यादीत नाव नाही याचा अर्थ परवानगी आहे असा धरू नका. नाव मान्यता असलेल्या यादीत शोधायचं. आज बंद पडलेली वेबसाईट उद्या दुसऱ्या नावानं उघडते, मग ती अलर्ट लिस्टमध्ये दिसणार कशी?

---

शाखा_काउंटर

मी अमरावती जिल्ह्यात एका बँकेच्या ग्रामीण शाखेत काम करते. बँकेचं नाव लिहीत नाही. पांढरीचा_पोट्टा यांनी पासबुकाचं लिहिलं ते वाचून हात थांबेना, कारण आम्ही काउंटरवर दुसरी बाजू रोज बघतो.

ती दुकानांची, परक्या माणसांची नावं कुठून येतात? ती भाड्यानं घेतलेली खाती असतात. आपल्याकडेही पोरांना सांगतात, "तुझ्या नावानं खातं उघड, एटीएम कार्ड आणि सिम आम्हाला दे, महिन्याला पाच हजार घे." पोरगं कॉलेजात शिकत असतं, त्याला वाटतं आपण काय चोरी केली? मग त्या खात्यात दिवसाला लाखो रुपये येतात-जातात आणि एक दिवस पोलीस दारात येतात. मागच्या वर्षी एक आई माझ्यासमोर उभी होती, पोराचं नाव दुसऱ्या राज्यातल्या गुन्ह्यात आलेलं. तिला सायबर शब्दही माहीत नव्हता.

दुसरं म्हणजे ते सुरुवातीला "परत मिळालेले" पाच हजार. ते कंपनी देत नाही, बहुतेक वेळा ते दुसऱ्या कुणा फसलेल्या माणसाच्या खात्यातून फिरून आलेले असतात. त्या माणसानं तक्रार केली की पैशाचा माग निघतो आणि ज्या-ज्या खात्यात तो गेला ती खाती गोठतात किंवा तेवढी रक्कम अडवली जाते. आमच्याकडे एका शेतकऱ्याचं पीककर्ज आणि अनुदान येणारं खातं असंच अडकलं. त्याला मिळाले होते फक्त साडेतीन हजार. ते सोडवायला त्याला किती चकरा माराव्या लागल्या ते मी पाहिलंय. आता हेच यूएसडीटी नावाच्या डिजिटल नाण्यातून फिरवतात. "डॉलर विकून रुपये खात्यात घ्या" म्हणतात, पण ते रुपये कोणाचे आहेत हे तुम्हाला कळत नाही.

आणि एक गैरसमज. तीन दिवसांत कळवलं तर बँक पैसे भरून देते असं लोक सांगतात. तो नियम तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. तुम्ही स्वतः पिन टाकून पैसे पाठवले तर तो लागू होत नाही. म्हणून वेळ फार मोलाची. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर लगेच फोन करा, पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत तो रोखता येतो. यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. रात्री दोन वाजता लक्षात आलं तर रात्री दोन वाजताच करा, सकाळची वाट बघू नका.

---

स्वतःचा_मालक

सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका. मी दोन वर्षांपासून ट्रेड करतो. माझ्या ब्रोकरकडे परदेशातला परवाना आहे, मी अनेकदा पैसे काढले आहेत. लोकांना शिकायचं नसतं, लोभ करतात आणि मग ओरडतात. शेतीत तरी काय उरलंय? कपाशीचा खर्च निघत नाही. गावातल्या पोरानं मोबाईलवर चार पैसे कमावले तर बिघडलं कुठं?

---

पांढरीचा_पोट्टा

शेतीत उरत नाही हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको, मीही कपाशीच पेरतो. म्हणूनच तर हे लोक आपल्याकडे येतात. चुकारा आला, जमिनीचा मोबदला मिळाला, निवृत्त गुरुजींच्या फंडाचे पैसे आले की त्यांना बरोबर वास लागतो.

तुमच्या ब्रोकरचा परवाना कोणत्या देशाचा ते बघा. कितीतरी कंपन्या सेंट व्हिन्सेंट अँड ग्रेनाडाइन्स या कॅरिबियन बेटांवर नोंदलेल्या असतात. तिथल्या वित्तीय प्राधिकरणानंच सांगितलंय की आम्ही फॉरेक्स ब्रोकरना परवाना देत नाही. समजा परवाना खरा निघाला, अगदी लंडनचा निघाला, तरी भारतातल्या माणसाला त्याच्यासोबत असा सट्टा करायची मुभा त्यानं मिळत नाही. वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवायची जी सोय रिझर्व्ह बँकेनं दिली आहे, तीही फॉरेक्सच्या मार्जिनसाठी, म्हणजे सौद्यासाठी ठेवायच्या अनामतीसाठी, वापरता येत नाही. फेमा मोडला तर रकमेच्या तिप्पटीपर्यंत दंड आहे.

आणि खरोखरच्या ब्रोकरकडे काय होतं तेही पाहू. तुम्ही किती लिव्हरेज वापरता? १:५०० असेल तर हजार डॉलरवर तुम्ही पाच लाख डॉलरचा सौदा उचलता. भाव तुमच्या विरुद्ध फक्त ०.२ टक्के गेला की तुमचे हजार डॉलर संपले. डॉलर-युरोचा भाव एका दुपारीही तेवढा हलतो. युरोपच्या बाजार नियामकानं २०१८ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी लिव्हरेजची मर्यादा जास्तीत जास्त ३० पट केली. तेव्हा त्यांना आढळलं होतं की अशा सौद्यांत ७४ ते ८९ टक्के किरकोळ खाती तोट्यात जातात. म्हणजे नियमात चालणाऱ्या बाजारात ही गत. शिवाय अशा अनेक ब्रोकरकडे तुमचा सौदा बाजारात जातच नाही, समोरचा पक्ष तो ब्रोकरच असतो. तुम्ही हरलात की तो कमावतो.

तुम्ही पैसे काढले असतील, मी खोटं म्हणत नाही. एक विनंती करतो, मनापासून. आज सगळी रक्कम काढायला टाका. थोडी नको, सगळी. आली तर इथं येऊन लिहा.

---

संत्रा_बाग (मोर्शी)

आमच्या भागातले व्यापारी संत्रा बांगलादेशला पाठवतात, त्यामुळे डॉलरच्या भावाशी आमचा खराच संबंध येतो. एनएसईवर डॉलर-रुपयाचे वायदे (आज ठरलेल्या भावानं पुढच्या तारखेचे सौदे) २००८ पासून आहेत, एक लॉट हजार डॉलरचा. पण रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यानुसार ३ मे २०२४ पासून तिथंही ज्याचा परकीय चलनाचा खरा व्यवहार आहे त्यानंच यायचं. निर्यातदारानं भावाच्या चढ-उतारापासून वाचायला ते वापरावं. ज्याचा असा व्यवहार नाही त्यानं नुसत्या अंदाजावर सौदा करायला ती जागा नाही. म्हणून कोणी "आम्ही कायदेशीर, सेबीवाले" (सेबी म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणारी सरकारी संस्था) म्हणून फॉरेक्सचं सांगत असेल तर समजून जावं.

सेबीचा नोंदणी क्रमांक म्हणून काहीही छापतात. शेअर ब्रोकरचा क्रमांक आयएनझेड या अक्षरांनी सुरू होतो. सेबीच्या वेबसाईटवर तो टाकून नाव, पत्ता, फोन सगळं जुळतं का बघायचं, कारण खऱ्या कंपनीचा क्रमांक चोरूनही लावतात. ऑक्टोबर २०२५ पासून सेबीनं नोंदणी असलेल्यांना "व्हॅलिड" शब्द असलेले वेगळे यूपीआय पत्ते दिले आहेत. सेबीच्या "सेबी चेक" या सोयीवर यूपीआय पत्ता किंवा खाते क्रमांक टाकून पैसे पाठवण्याआधी तपासता येतो. माझ्या मुलानं मला हे दाखवलं, आता मीच चार जणांना दाखवतो.

---

आर्वीची_लेक

माझ्या बाबांचं चालू आहे. म्हणजे अजून ते मान्यच करत नाहीत. निवृत्तीचे सहा लाख आहेत त्यात. मी बोलले की म्हणतात, "तुले काय समजते, तू तिकडं पुण्याला." आई रडते. ग्रुपमध्ये एक मॅडम आहे, ती बाबांना रोज सकाळी गुड मॉर्निंग पाठवते, औषध घेतलं का विचारते. मी आठवड्यातून एकदा फोन करते. खरं सांगू, मला बाबांचा राग येतच नाहीये.

काय बोलू मी त्यांच्याशी?

---

पांढरीचा_पोट्टा

ताई, मी भाऊजींवर पहिल्या पाच मिनिटांत आवाज चढवला होता. ते उठून वावरात निघून गेले, मला अर्धा दिवस थांबावं लागलं. ती चूक तुम्ही करू नका. ते चुकले असं म्हणू नका. म्हणा, "बाबा, मला पण शिकवा, पासबुक आणा, आपण सोबत बघू." नावं त्यांना स्वतः वाचू द्या. मग म्हणा की मला घरासाठी एक लाख हवेत, त्यातून काढून द्या. उत्तर काय येतं ते दोघं मिळून वाचा. शक्य असेल तर फोनवर नको, घरी जा.

आणि आजच आईच्या कानावर एक घालून ठेवा, बाबांनी "टॅक्स" नावाचे पैसे भरायचे नाहीत.

---

शाखा_काउंटर

आर्वीची_लेक, बाबांना त्यांच्या शाखेत घेऊन जा. बरेच वडीलधारे घरच्यांचं ऐकत नाहीत, काउंटरवरच्या माणसाचं ऐकतात. मी स्वतः दोघांना एफडी मोडण्यापासून थांबवलंय. तक्रार नंतर करायची झाली तर ग्रुपचे मेसेज डिलीट होण्याआधी स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, ते लोक गप्पा दोन्हीकडून पुसतात. आणि पैसे गेल्यावर "आम्ही रिकव्हरी करून देतो, फी द्या" असे फोन येतील. ते तेच लोक असतात, किंवा त्यांनी नंबर विकलेले असतात.

---

मास्तर_निवृत्त (चिखली)

फेमाच्या भीतीनं लोक तक्रार करत नाहीत, "आपणच अडकू" म्हणतात. माझं स्पष्ट मत आहे की गप्प राहू नये. फसवला गेलेला शेतकरी आणि फसवणारी टोळी यांतला फरक समोर मांडायची जागा पोलीस ठाणंच आहे. ज्यांनी ठराविक परतावा कबूल करून गावातून पैसे गोळा केले त्यांच्यासाठी ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा २०१९ चा कायदाही आहे. त्यात अशा योजनेचा प्रचार करणं, माणसं ओढणं हासुद्धा गुन्हा आहे. कमिशनसाठी नातेवाईक जोडणाऱ्या पोरांना हे कोणी सांगतच नाही. रिझर्व्ह बँकेच्या "सचेत" पोर्टलवरही माहिती देता येते.

---

पांढरीचा_पोट्टा

पुढचं सांगतो. आम्ही १९३० वर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकली, दुसऱ्या दिवशी ठाण्यात अर्ज दिला. उशीर झाला होता. पाचपैकी एकाच खात्यात ४२ हजार रोखले गेले आहेत, ते परत मिळायला वेळ लागेल असं सांगितलं. बाकीचा पैसा कुठं गेला याचा पत्ता नाही. पाटल्या सोनाराकडेच आहेत. पेरणीसाठी मी आणि धाकट्या भावानं मिळून बियाणं दिलं.

मावसभावाला काल भेटलो. त्याचेही दोन लाख गेले आहेत. माणसं जोडल्याबद्दल त्याला कमिशन मिळत होतं, हे त्यानं कबूल केलं. खूप वेळ खाली बघून बसला होता. शेवटी म्हणाला की त्यानं जोडलेल्या अकरा घरांची यादी तो पोलिसांना देईल. मी सोबत जाणार आहे.

येत्या रविवारी सकाळी दहाला आमच्या समाजमंदिरात पाच गावांच्या लोकांना बोलावलंय. भाऊजी स्वतः बोलणार आहेत. शाखा_काउंटर ताई, तुमच्याकडून कोणी येऊ शकलं तर फार बरं होईल. जवळपासचे जे कोणी याल त्यांनी आपलं पासबुक सोबत आणा, चालू वर्षाच्या नोंदी छापून.